फुटपाथ हाही पत्ता असतो

रात्रीचे साडेदहा वाजले की गंगापूर रोड दुसऱ्या माणसांचा होतो. दिवसभर हा रस्ता कॉलेजच्या मुलामुलींचा, क्लासेसचा, कपड्यालत्त्याच्या दुकानांचा आणि लग्नाच्या लॉन्सचा असतो. अशोक स्तंभापासून निघून के.टी.एच.एम. कॉलेज, जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असा तो गंगापूर गावाकडे आणि धरणाकडे जातो. शटर खाली आले की त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर, बसथांब्याच्या बाकावर, बंद टपरीच्या आडोशाला एकेक गाठोडे सुटू लागते. पोत्यावर चादर अंथरली जाते, चपला उशाखाली जातात आणि माणूस अंग मुडपून पडतो. सकाळी सफाई कामगार भगिनी झाडू घेऊन येतात त्याआधी तो उठून कामाला गेलेला असतो. त्यामुळे दिवसा या रस्त्याने जाणाऱ्याला तो कधी दिसतच नाही.

आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी काही वर्षांपासून शनिवारी रात्री या रस्त्याने पायी फिरतो. आमच्यात कचेरीतले कारकून आहेत, एक रिक्षाचालक आहे, एक परिचारिका ताई आहेत, एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आहेत आणि घरी शिवणकाम करणाऱ्या दोन भगिनी आहेत. आमची नोंदणी झालेली संस्था नाही, फलक नाही, पावतीपुस्तकही नाही. दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये आणि घरोघरची जुनी लुगडी एवढेच आमचे भांडवल. या फिरण्यातून जे कळले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच. आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांना जमण्याजोगे हे काम आहे, आणि ते ब्लँकेट वाटून संपत नाही, हे सांगायचे आहे.

हे लोक कोण?

"भिकारी असतील, दारुडे असतील." बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. आमच्या वहीतली नावे मात्र वेगळे सांगतात. लग्नसराईत हजार पानांची पंगत वाढणारा वाढपी, पातेली घासणारी मावशी, वरातीत डोक्यावर लाईट घेऊन चालणारा पोरगा यांचे काम रात्री बारा-एकला संपते. तेव्हा गावाकडे जायला गाडी नसते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉनवर हजेरी असते. मग जवळच्या पायरीवर पाठ टेकायची. शेकडो लोकांना जेवू घालणारी माणसे त्याच भिंतीला लागून उघड्यावर झोपतात.

दुसरे आहेत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतले आदिवासी बांधव. पावसावरची भात-नागलीची शेती आटोपली की हाताला काम उरत नाही. मग ते द्राक्षबागांवर आणि बांधकामांवर येतात. बांधकाम चालू आहे तोवर साइटवर झोपता येते. इमारत पुरी झाली, ठेकेदाराने हिशेब केला की तेवढेही छप्पर जाते. त्यांच्यातल्या एका काकांना आम्ही विचारले, "काका, घर नाही का?" ते म्हणाले, "हाय की घर. पन घरी काम न्हाई, आन काम हाय तिथं घर न्हाई." बेघर होण्याची याहून सोपी व्याख्या आम्हाला कोणत्या पुस्तकात सापडली नाही.

यांखेरीज मुलांनी वाऱ्यावर सोडलेली म्हातारी माणसे आहेत, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या भगिनी आहेत, मनाचा तोल गेलेली माणसे आहेत. दारू पिणारेही आहेत. पण दारूमुळे रस्त्यावर आलेले किती आणि रस्त्यावर आल्यामुळे दारूला लागलेले किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

काही रहिवासी आम्हाला म्हणतात, "तुम्ही देता म्हणून हे इथे राहतात." त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो, की आमच्या चादरीसाठी सुरगाण्याहून कोणी येत नाही. माणसे कामासाठी येतात आणि त्यांचे काम आपल्याच घरच्या लग्नात, आपल्याच सोसायटीच्या बांधकामावर असते. "शिकले असते तर ही वेळ आली नसती," असेही कोणी म्हणतो. त्यावर आम्हाला सप्टेंबर १९१७ चे बडोदे आठवते. परदेशातले उच्च शिक्षण आणि संस्थानची नोकरी पदरी असूनही बाबासाहेबांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर त्यांना कामाठी बागेत झाडाखाली बसून राहावे लागले. शिक्षण आणि नोकरी असूनही डोक्यावर छप्पर मिळत नाही, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको.

आधी विचारा, मग द्या

या कामाचे आमचे काही नियम ठरून गेले आहेत. झोपलेल्या माणसाला उठवायचे नाही. अंगावर उजेड मारायचा नाही. फोटो काढायचा नाही. एकट्याने जायचे नाही. बाई असेल तर आधी आमच्यातल्या भगिनी बोलतील, पुरुष चार पावले मागे थांबतील. शेजारी खाली बसून बोलायचे, उभ्याने नाही. आपले नाव सांगायचे, मग त्यांचे विचारायचे. सांगितले तर ठीक, नाही सांगितले तर पुढच्या शनिवारी पुन्हा यायचे. पैसे हातावर ठेवायचे नाहीत आणि दारू सोडण्याचे प्रवचनही द्यायचे नाही.

"काय पाहिजे?" असे विचारल्यावर मिळणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. जेवण बहुधा कोणी मागत नाही, ते लग्नाच्या लॉनवर मिळालेले असते. मागणी असते ती पायाच्या मापाच्या चपलांची, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीची, खाजेच्या मलमाची, अंघोळीला जागा कुठे मिळेल याची, दिवसभर गाठोडे कुठे ठेवावे याची. अलीकडे मोबाईल चार्ज करून देण्याची विनंती सर्वांत जास्त येते. ठेकेदार उद्याचे काम फोनवर सांगतो. फोन बंद, तर रोज बुडाला. भगिनींना सर्वांत मोठी अडचण रात्री संडासला जाण्याची. काही जणी त्यासाठी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे आमच्या परिचारिका ताईंनी काढून घेतले. हे कळायला पुरुषांना वर्ष लागले असते.

पांघरुणाबद्दल एक गोष्ट घराघरांतून सांगावी. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त ती खालच्या सिमेंटमधून आणि फरशीतून अंगात शिरते. म्हणून अंगावर दोन पांघरुणे देण्याऐवजी एक खाली आणि एक वर, असे द्यावे. खाली खोक्याचा जाड पुठ्ठा आणि त्यावर पोते असले तरी मोठा फरक पडतो. आमच्या शिवणकाम करणाऱ्या भगिनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात आणि एका बाजूला प्लॅस्टिकचा कागद टाचतात. जमिनीची ओल वर येत नाही आणि पावसाळ्यात तीच गोधडी उलटी करून अंगावर घेता येते. लहान मुलांना आम्ही रात्री बरोबर नेत नाही. पण जोडे मापाप्रमाणे लावणे, बाटल्या धुऊन भरणे ही कामे मुले आवडीने करतात आणि ही माणसे कोण, हे विचारू लागतात.

थंडी माणसाला कशी गाठते

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोचरी असते आणि गोदाकाठचा वारा तिला धार लावतो. शरीराची ऊब फार घटली की आधी माणूस कुडकुडतो. पुढे कुडकुडणे थांबते. जीभ जड होते, बोलणे अडखळते, चाल डगमगते, माणूस विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतो. येणारे-जाणारे म्हणतात, "पिऊन पडलाय." खरे तर तो मरणाच्या वाटेवर असतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके, मान आणि छाती झाकावी, शुद्धीत असेल तर कोमट गोड चहा घोट घोट द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत आणि शेकोटीला अगदी खेटून बसवू नये. दारू तर मुळीच देऊ नये. दारूने कातडीला ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर निघून जाते.

एका जानेवारीत बसथांब्यावर असेच एक दादा पडलेले होते. पान खायला थांबलेले दोघे-तिघे त्यांना हसत होते. परिचारिका ताईंनी हात लावून पाहिले, तर अंग गार आणि कुडकुडणे थांबलेले. तोंडाला दारूचा वास नव्हता. गाडी आली, इस्पितळात नेले. तिथे टेबलामागच्या माणसाचा पहिला प्रश्न, "नातेवाईक कोण?" आमचे कंडक्टर काका पुढे झाले आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, "शेजारी." लिहून घेणारा चमकला, पण कागद पुढे सरकला. आमच्या वहीत त्या दादांचे नाव आणि गाव आधीपासून लिहिलेले होते. गावच्या पोलीस पाटलांमार्फत दोन दिवसांत बहिणीला निरोप गेला आणि ती येऊन त्यांना घेऊन गेली. नाव नसते तर ते 'अनोळखी इसम' म्हणून एका खाटेवर पडून राहिले असते. वहीतल्या एका ओळीने त्यांना त्यांचे माणूस परत मिळाले.

थोडक्यातून मोठे झालेले काम

असे काम करणारे आम्ही काही पहिले नव्हेत. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर खराट्याने गावे झाडली आणि जमलेल्या पैशांतून पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशिकलाही धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी त्यांनी घर बांधले नाही. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना मुक्कामाला जागा मिळत नसे, म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बेघरांना आसरा द्या, असे ते कीर्तनातून सांगत आणि तसा आसरा बांधूनही दाखवत.

मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना १९८८ साली हॉटेलातून एक तरुण दिसला. तो करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेऊन उपचार केले, तेव्हा तो चांगला पदवीधर निघाला. त्या एका माणसापासून सुरू झालेले श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम आज कर्जतला उभे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना बरे करून त्यांनी घरी पोहोचवले आणि डॉ. वटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा रुग्णाबाबत आता कायदाही स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. म्हणून असा माणूस दिसल्यास ११२ वर कळवताना हे कलम सांगावे.

परदेशातलेही एक उदाहरण सांगतो. पॅरिस शहरात १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात एक बाई फुटपाथवर गोठून मेली. तिच्या हातात घर खाली करण्याचा कागद होता. आबे पिएर नावाच्या पाद्र्याने १ फेब्रुवारीला रेडिओवरून लोकांना हाक दिली आणि पाच हजार ब्लँकेटे, तीनशे तंबू, दोनशे शेगड्या मागितल्या. लोकांनी मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त दिले. पण महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. १९५६ साली तिथे कायदा झाला, की हिवाळ्याच्या ठरावीक महिन्यांत कोणाला राहत्या घरातून बाहेर काढता येणार नाही. दान एका रात्रीपुरते होते, हक्क दर हिवाळ्याला पुरला.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायद्याचे दोन चेहरे आहेत. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. त्यात हात पसरणारा तर आलाच, पण पोट भरण्याचे दिसते साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी फिरणारा माणूसही त्यात ओढता येतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी यातली बरीच कलमे दिल्लीपुरती रद्द केली. अनोळखी माणसे जवळ आली की फुटपाथवरचा माणूस गाठोडे उचलून का पळतो, याचे उत्तर या कायद्याच्या धास्तीत आहे.

दुसरा चेहरा संविधानाचा आहे. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी सांगितले, की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. न्यायालयाने त्यांना फुटपाथ कायमचा दिला नाही, पण पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत हटवू नका, असे बजावले. पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतून बेघरांसाठी बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे मापही ठरले होते. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा हिशेब मांडून पाहिला. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. म्हणजे त्याच जुन्या आकड्यावर सुमारे १,४८६ माणसांची, म्हणजे शंभर खाटांच्या जवळजवळ पंधरा निवाऱ्यांची सोय हवी. त्यानंतर शहर आणखी वाढले आहे. आपल्या नगरसेवकाला, महापालिकेच्या अधिकाऱ्याला हा आकडा विचारायला कोणाचीही परवानगी लागत नाही. निवारा कुठे आहे, बायकांसाठी वेगळा आहे का, कामावरून रात्री एक वाजता आलेल्याला दार उघडतात का, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारावेत. निवारा कामाच्या ठिकाणापासून लांब असला तर वाढपी तिथे जाणार नाही, हेही अर्जात मांडावे.

पत्ता कोणता लिहायचा?

आमच्या वहीत एक काका आहेत. भांडी घासण्याचे काम करतात, वय साठीच्या घरात. गावची जमीन गेली, रेशनकार्ड पुरात गेले, कुठल्याच यादीत नाव उरले नाही. २०२४ च्या निवडणुकीआधी ते म्हणाले, "समदं गेलं ते गेलं, पन मत देता आलं तर बरं वाटंल." आम्ही चौकशी केली, तेव्हा निवडणूक आयोगाचा नियम हाती लागला. बेघर माणसालाही मतदार यादीत नाव नोंदवता येते. नमुना ६ भरून तो झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मतदान केंद्रावर नेमलेला बी.एल.ओ. रात्री त्या जागी येऊन तो खरोखर तिथे झोपतो का, हे एकाहून अधिक रात्री पाहतो. खात्री पटली की राहण्याचा आणखी पुरावा लागत नाही.

अर्ज भरला. पत्ता लिहिला, अमुक दुकानासमोरचा फुटपाथ, गंगापूर रोड, नाशिक. बी.एल.ओ. म्हणून नेमलेल्या शिक्षिका ताई दोन वेगवेगळ्या रात्री आपल्या यजमानांना बरोबर घेऊन आल्या. काकांनी त्या दोन्ही रात्री कामाला सुट्टी दिली, न जाणो, ताई यायच्या आणि आपण लॉनवर असायचो. नाव लागले. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून सकाळी सात वाजता रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे ज्या दुकानाच्या पायरीवर ते झोपतात त्या दुकानाचे मालक होते. दोघांच्या बोटांना एकच शाई लागली. ब्लँकेट घेताना काकांची मान खाली असायची. त्या दिवशी ती ताठ होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की ब्लँकेट जरूर द्या, पण त्याच्यासोबत नाव विचारा आणि ते नाव सरकारच्या कागदावर जाईपर्यंत पाठ सोडू नका. मतदार यादी, रेशन, क्षयाचा मोफत औषधोपचार, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन या साऱ्यांची सुरुवात कुठल्यातरी कागदापासून होते. अर्ज भरणे, झेरॉक्स काढणे, कचेरीत रांगेला उभे राहणे, साहेबांशी न घाबरता बोलणे, हे आपल्या घरातल्या शिकलेल्या पोरापोरींना येते. फुटपाथवरच्या माणसाला हीच मदत कोणी करत नाही.

आणखी एक काम समोर आहे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशभरात १७ लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली. कामावर, लॉनवर, पुलाखाली असलेली कितीतरी त्या रात्री निसटली असणार. २०२१ ची जनगणना लांबली आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवला. जेवढी माणसे मोजली जातील, तेवढ्यांसाठीच निवारे मागता येतील. तेव्हा आपापल्या भागात रात्री कोण कुठे झोपते, याची ठिकाणांची यादी करून ठेवावी. घरातल्या दोघांनी मिळून एका रस्त्याची केली तरी पुरे. नावे आपल्या वहीतच राहू द्यावीत, ती त्या माणसाच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नयेत. ठिकाणे मात्र गणनेला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दाखवावीत आणि मोजणीच्या रात्री त्यांच्याबरोबर चालावे. आमची गंगापूर रोडची यादी अशोक स्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत झाली आहे. पुढचा रस्ता कोणीतरी हाती घ्यावा.